वेस्टर्न खोगिराचा मागचा तंग: घट्ट, सैल की काढूनच ठेवायचा?

पेडणे_रपेट:

जुनं वेस्टर्न खोगीर घेतलंय, कानपुरी बनावटीचं, डबल रिगिंगचं, म्हणजे पोटाखालून बांधायचे दोन तंग (पट्टे) असलेलं. पुढचा तंग लोकरीच्या दोऱ्यांचा, लॅटिगोनं (लांब चामडी पट्ट्यानं) बांधायचा. मागचा तंग चामड्याचा, पोटाखाली ३ इंच रुंद, दोन्ही बाजूंना बकल. दोन तंगांना जोडणारी वादी मात्र सोबत आली नाही. घोडी मारवाडी क्रॉस, १४.२ हात (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा), अंगानं सडसडीत, पोट मागे वर चढत गेलेलं. आजवर तिच्या पाठीवर इंग्लिश खोगीरच होतं, त्यामुळे मागच्या तंगाची सवय शून्य. रपेट दोन प्रकारची: ओहोटीला किनाऱ्यावरची ओली वाळू, आणि गोव्यात पेडण्याकडच्या सड्यांवरच्या (कातळ पठारांवरच्या) चढ-उताराच्या पायवाटा.

तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो पुढच्याइतकाच कस, नाहीतर उतारावर खोगीर मानेवर येईल. दुसरा म्हणतो तो शोभेचा असतो, चार बोटं लोंबू दे. तिसरा म्हणतो काढून टाक, आपण कुठे गुरं पकडायला चाललोय!

नेमका किती कसायचा, कुठे यायला हवा, जोडवादी नसेल तर चालेल का, आणि आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात नि पावसाळ्यात चामड्याचं काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.


सड्यावरचा_स्वार:

पहिल्या दोघांचं ऐकू नका. तिसऱ्याचं अर्धं बरोबर आहे, त्याकडे नंतर येतो.

मागचा तंग खोगीर धरून ठेवायला नसतोच. ते काम पुढच्याचं. मागच्याचं काम एवढंच की खोगिराची मागची बाजू उचलली जाऊ लागली तर तिला अडवायचं. टेक्सासचे गुराखी दोराचं टोक हॉर्नला, म्हणजे खोगिराच्या पुढच्या खुंटीला, पक्कं बांधून ठेवत. फासात सापडलेलं जनावर हिसका देई तेव्हा हॉर्न पुढे-खाली ओढला जाई आणि कँटल, म्हणजे बैठकीची मागची उंच कड, वर उडे. म्हणून तिकडे दोन तंगांचं खोगीर रुळलं. कॅलिफोर्नियात दोर हॉर्नला नुसता गुंडाळून सरकता ठेवायची रीत होती, हिसका त्या सरकण्यातच जिरायचा, म्हणून तिथे मधोमध एका तंगावर भागलं. आपल्याकडे दोर नाही, पण उतार आहेत, चर ओलांडणं आहे, घोडं बिचकून जागच्या जागी थांबणं आहे. उचल त्यातही होते, कमी होते इतकंच.

आता किती कसायचा. पुढचा तंग छातीच्या हाडावर येतो, ते हाड ताण सोसतं. मागचा तंग त्या हाडाच्या मागे, पोटाच्या मऊ भागावर येतो. तिथे खाली आधाराला काही नाही. पुढच्याइतका कसला तर घोड्याचं पोट दबतं, श्वास घेताना पोट फुगायला जागा राहत नाही, पाठ कमानीसारखी वर येते आणि पुढचं पाऊल म्हणजे उड्या. रोडिओत घोडं उडावं म्हणून जो पट्टा बांधतात तो याच्याच थोडा मागे, कुशीत असतो. म्हणजे तुमच्या पहिल्या सल्लागाराचं ऐकलं तर घोडी सांगून ठेवल्यासारखी उडणार.

माप असं घ्या. घोडी चारी पायांवर सरळ उभी करा, पोट सैल सोडू द्या. तंग पोटाच्या केसांना टेकलेला हवा, दाबलेला नको. सपाट तळहात पोट आणि तंग यांच्यामध्ये विनासायास सरकला पाहिजे. मूठ मावत असेल तर तंग सैल आहे. खालून पाहिलं तर फट जास्तीत जास्त एक इंच.

लोंबता तंग हा घट्ट तंगाइतकाच वाईट, माझ्या मते जास्तच. पोटावरची माशी हाकलायला घोडं मागचा पाय पुढे झटकतं हे आपल्याकडे पावसाळा सुरू झाल्यापासून रोज दिसतं. खूर त्या फटीत अडकला की घोडं तीन पायांवर, त्यात घाबरलेलं, आणि वर तुम्ही. सड्यावरच्या वाटांना करवंदीच्या जाळ्या असतात, त्यांची वाळकी फांदीही अशीच अडकते. शिवाय चार बोटं सैल असलेला तंग उचल अडवायचं कामही करत नाही. कँटल चार बोटं उचलल्यावर तो ताणला जाणार, तोही एकदम फटक्यासारखा पोटावर बसणार.

जागा: मागच्या डीपासून (D आकाराच्या कडीपासून) तंग सरळ खाली, ओळंबा सोडल्यासारखा. बिलेट, म्हणजे डीपासून लोंबणारी भोकांची वादी, पुढे किंवा मागे तिरकी दिसली की काहीतरी चुकतंय. दोन्ही बाजूंना भोकं सारखी लावा, म्हणजे तंगाचा मधला भाग पोटाच्या मध्यरेषेवर राहील. उजवी बाजू कायम बकलात राहते, रोजची काढ-घाल डावीकडून. म्हणून सगळे डावीकडेच भोकं बदलत राहतात आणि तंग हळूहळू एका बाजूला सरकतो. हे फार जणांचं होतं.

क्रम: आधी पुढचा तंग, मग मागचा, शेवटी छातीपट्टा. उतरवताना बरोबर उलट: छातीपट्टा, मागचा, पुढचा. पुढचा सोडला आणि मागचा बकलात राहिला, त्याच वेळी घोडं बाजूला सरलं, तर खोगीर फिरून पोटाखाली जातं आणि मागच्या तंगाला लटकतं. त्यानंतर घोडं चौखूर उधळतं आणि खोगीर मोडेपर्यंत थांबत नाही. कुणी हाक मारली, फोन वाजला, काहीही झालं तरी हा क्रम मधेच सोडून वळायचं नाही.

दहा मिनिटं चालवल्यावर पुढचा तंग पुन्हा ओढावा लागतोच, कारण घोड्यानं फुगवलेलं पोट सुटतं आणि खालचा पॅड दबतो. तो ओढला की खोगीर खाली बसतं आणि मागचा तंग एखाद्या भोकानं सैल पडतो. म्हणून पुढचा पुन्हा कसल्यावर मागच्याखाली हात घालून बघायचंच.

राहिला तिसरा सल्ला. सपाट वाळूवर चालवायचं असेल तर मागचा तंग खरंच लागत नाही. काढायचा तर बिलेटांसकट काढा. अर्धवट लावलेल्या तंगापेक्षा नसलेला बरा.


उलटी_नाल:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण त्याआधीचा प्रश्न सुटतोय: कँटल उचलतंच का?

पुढच्या तंगाची रिंग नेमकी कुठे आहे ते बघा. हॉर्नखालच्या फोर्कच्या (पुढच्या कमानीच्या) मध्याखाली सरळ असेल तर ते फुल रिगिंग. फोर्क आणि कँटल यांच्या बरोबर मधोमध असेल तर सेंटर फायर. या दोन जागांच्या मधोमध ती तीन-चतुर्थांश, आणि फुल व तीन-चतुर्थांश यांच्यामध्ये सात-अष्टमांश. फुलमध्ये सगळी ओढ खोगिराच्या पुढच्या टोकावर पडते, मागचं टोक मोकळं, त्यामुळे उचल जास्त. रिंग जितकी मागे तितकी ओढ झाडाच्या, म्हणजे खोगिराच्या आतल्या सांगाड्याच्या, पाठीवर टेकणाऱ्या पट्ट्यांवर सारखी पसरते आणि मागच्या तंगाची गरज कमी होते. डबल रिगिंगचं फुल खोगीर असेल तर मागचा तंग लावणंच बरं. तीन-चतुर्थांशच्या मागे असेल तर बऱ्याचदा नसला तरी चालतं.

आणि दुसरं कारण, ज्याला मागचा तंग हे उत्तर नाही: खोगीर घोड्याला बसतच नसेल तर. मारवाडी जनावर विदर्सला (खांद्यांमधल्या उंचवट्याला) उंच आणि खांद्यांत अरुंद. अमेरिकी क्वार्टर हॉर्ससाठी बनवलेल्या रुंद झाडाचं खोगीर त्याच्यावर पुढून खाली बसतं आणि मागून वर राहतं. मग मालक मागचा तंग ओढून कँटल खाली बसवतो. दिसायला खोगीर सपाट दिसतं, पण सगळा दाब कंबरेवर जातो. पंधरा दिवसांत कंबरेवर हात फिरवला की घोडं खाली बसू लागतं.

तपासायची पद्धत: पॅड न घालता खोगीर ठेवा, तंग लावू नका. विदर्सवर दोन-तीन बोटं उभी मावली पाहिजेत. पट्ट्यांखाली तळहात पुढून मागे सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे, मधे पोकळी आणि दोन्ही टोकांना दाब असेल तर झाड पाठीवर पुलासारखं उभं आहे. पट्ट्यांचं मागचं टोक शेवटच्या म्हणजे अठराव्या बरगडीच्या पुढेच संपलं पाहिजे. मग पॅड घालून फक्त पुढचा तंग लावा, हॉर्न धरून पुढे-खाली ओढा आणि कँटल किती उठतं ते बघा. एखाद इंच उठणं ठीक. दोन-तीन इंच उठत असेल तर मागचा तंग विसरा, आधी झाडाची रुंदी बघा.

अजून एक. उतारावर दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात, लोक एकच समजतात. एक, मागची बाजू उचलणं. दुसरी, अख्खं खोगीर खांद्यांवर घसरणं. मागचा तंग पहिली अडवतो, दुसरी अडवत नाही. दुसरीला दुमची (शेपटीखालून जाणारी वादी) लागते. चढावर खोगीर मागे जातं त्याला छातीपट्टा. मागचा तंग कसून घसरण थांबवायला गेलात की थांबत काहीच नाही, पोट मात्र सोलतं.


पेडणे_रपेट:

दोघांनाही देव बरें करूं.

बघितलं. रिंग फोर्कच्या मध्याखाली बरोबर, म्हणजे फुल. विदर्सवर तीन बोटं मावतात, पट्ट्यांखाली हात सारखा सरकतो. हॉर्न ओढल्यावर कँटल साधारण इंचभर उठतं. म्हणजे बसण्यात दोष नसावा.

जोडवादीऐवजी नायलॉनची दोरी बांधली तर? आणि घोडीला या तंगाची सवय कशी लावू? गोठ्याबाहेर मोकळं अंगण आहे, गोल रिंगण नाही.


मोतद्दार_फोंडा:

सवयीचं मी सांगतो, वादीचं दुसरं कुणी सांगेल. पण वादी हातात येईपर्यंत मागचा तंग लावूच नका, हे आधी सांगून ठेवतो. तुमच्या घोडीचं पोट मागे चढतं. अशा पोटावर तंग आपोआप मागे, अरुंद भागाकडे सरकतो आणि पाच मिनिटांत कुशीत जातो.

पहिलं काम खोगिराशिवाय. मऊ सुती दोर घ्या, अंगठ्याएवढा जाड, १५ फूट तरी लांब. पुढच्या तंगाच्या जागी पोटाभोवती एक वेढा, गाठ न मारता, दोन्ही टोकं तुमच्या हातात. हळूच आवळा. घोडी अंग ताठ करेल, कान मागे नेईल, एखाद वेळी पाय आपटेल. तसाच हलका दाब ठेवा, ती उभी राहून श्वास सोडेल त्या क्षणी सैल करा. ती हलत असताना सैल केलात तर हललं की सुटतं हे ती शिकेल, आणि मग ते विसरायला लावणं फार कठीण. हे दोन्ही बाजूंनी. मग वेढा चार बोटं मागे. पुन्हा तेच. असं करत मागच्या तंगाच्या जागेपर्यंत. त्याच्याही मागे, कुशीजवळ, अगदी हलका एकदा करून ठेवा, कारण कधी वादी तुटली तर तंग तिथेच जाणार आहे, आणि त्या वेळी ती जागा तिला नवीन नसावी. उभं राहून जमलं की वेढा तसाच ठेवून चार पावलं चालवा.

दुसरं, खोगीर घालून फक्त पुढच्या तंगावर. वेस्टर्न खोगीर इंग्लिशपेक्षा दुप्पट-तिप्पट जड, रिकिबींचे पट्टे रुंद, स्कर्टचा (खोगिराच्या खालच्या रुंद चामड्याचा) आवाज होतो. हे सगळं तिला नवीन आहे. एकाच दिवशी खोगीरही नवीन आणि मागचा तंगही नवीन, असं करू नका.

तिसरं, मागचा तंग. खोगीर चढवताना दोन्ही तंग उजव्या बाजूनं वर घेऊन बैठकीवर ठेवलेले हवेत, नाहीतर बकल हाडावर आपटतं आणि घोडी तंगावर कायमचा राग धरते. उजवीकडे जाऊन ते सावकाश खाली सोडा. डावीकडून पुढचा घ्या, बांधा. मग मागचा, केसांना टेकेल इतका. इथे लोक दया म्हणून सैल ठेवतात. चूक आहे. हलणारा, पोटाला टपटप लागणारा तंग घोड्याला जास्त टोचतो, टेकून राहिलेला लवकर विसरला जातो.

मग स्वार न होता लांब दोरावर. अंगण मोकळं असेल तर एक बाजू भिंतीची किंवा कुंपणाची घ्या, दगड-नारळ उचला. दोर २०-२५ फुटांचा, हातमोजे घाला, दोर हाताला गुंडाळायचा नाही. चालणं, थांबणं, वळणं, मागे सरणं, दोन्ही बाजूंना. मग दुडकी. कँटरला, म्हणजे दुडकीपुढच्या चालीला, शक्यतो स्वतःहून जाऊ द्या, चाबूक दाखवू नका. पहिल्या वळणाला एक-दोन उड्या मारल्या तर मारू द्या. उड्या थांबून मान खाली आली, शेपूट सैल झाली, ओठ चघळायला लागली की त्या दिवशीचं काम संपलं. मागे सरणं नक्की घ्या. पुष्कळ घोडी पुढे चालताना काही म्हणत नाहीत, मागे सरताना पोट तंगावर येतं तेव्हा पहिल्यांदा तिथे काहीतरी आहे हे त्यांना कळतं.

शेवटी लहानसा उतार, तोही हातात धरून. उतारावर तंग पहिल्यांदा खरा ओढला जातो. तिथे शांत राहिली तर स्वार व्हा, आधी अंगणातच.

लक्ष ठेवायच्या खुणा: तंग घेताना मागे वळून चावायला बघणं, शेपटीचे फटके, पाय पोटाकडे नेणं, चालताना पाठ उचललेली. हे रोज होत असेल तर सवयीचा प्रश्न नाही, तंग घट्ट आहे किंवा खाली काहीतरी टोचतंय. घोडी गाभण असेल आणि दिवस भरत आले असतील तर मागचा तंग नकोच. घोडा असेल तर तंग मागे सरकून शिस्नाच्या खोळीला लागत नाही ना, हे खाली वाकून बघायचं, वरून कळत नाही.


चामडं_आणि_टाका:

वादीचं.

नायलॉनची दोरी नको. बारीक दोरी घामानं भिजली की पोटाखाली कापते, गाठ घट्ट झाली की वेळेला सुटत नाही. वादी करून घेणं फार स्वस्तातलं काम आहे. म्हापशाला किंवा फोंड्याला चपला-बॅगा शिवणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून होतं. चामडं गाय-म्हशीचं, साडेतीन-चार मिलिमीटर जाड, रुंदी पाऊण इंच. दोन्ही टोकांना बकलाचे फास हवेत, एक पुढच्या तंगाच्या मधल्या डीला, दुसरा मागच्या तंगावरच्या गाळ्याला. काही लोक एका टोकाला स्नॅप (खटक्याचा हूक) लावतात. काढ-घालीला सोपं, पण स्नॅपचा खटका पोटाकडे आला तर घासतो, म्हणून खटका बाहेर, जमिनीकडे ठेवा.

लांबी आधी मोजा, अंदाजानं कापू नका. खोगीर घालून पुढचा तंग पूर्ण कसा. मागच्या डीपासून दोरी सोडून तिला खाली एक किल्ली बांधा, ती जिथे येईल तिथून पुढच्या तंगाच्या मधल्या डीपर्यंतचं अंतर घ्या. बहुतेक खोगिरांना ते ८ ते १० इंच येतं, पण लहान घोड्याला कमी येऊ शकतं. त्या मापाच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन भोकं, एकेक इंचावर. वादी आखूड झाली तर ती मागच्या तंगाला पुढे ओढते, पुढच्याला मागे, दोन्ही तिरके होतात आणि पुढचा तंग कोपरामागच्या जागेवरून हटतो. लांब झाली तर असून नसल्यासारखी.

शिलाई सुती दोऱ्यानं करू देऊ नका. घाम आणि ओल यांनी सुती दोरा आतून कुजतो, बाहेरून वर्षभर ठीक दिसतो. मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, हातानं दुहेरी टाका. बकलाशी जिथे चामडं दुमडतं तिथे शिलाईबरोबर एक रिव्हेटही घाला.

आता किनारा. वाळू हा मागच्या तंगाचा खरा शत्रू. पुढचा तंग एका जागी बसून राहतो. मागचा पोटाच्या हालचालीबरोबर थोडा थोडा सरकतच असतो, त्यामुळे खाली गेलेली ओली वाळू पॉलिश पेपरचं काम करते. आधी केस तुटतात, मग कातडी लाल. किनाऱ्यावर खरंच तो लावू नका, सड्यासाठी ठेवा. लावलाच तर उतरवल्यावर घोडीचं पोट आणि तंगाची आतली बाजू दोन्ही गोड्या पाण्यानं. तंग बादलीत बुडवून ठेवायचा नाही, ओल्या फडक्यानं वाळू आणि मीठ काढायचं, मग सॅडल सोप, मग सावलीत वाऱ्यावर. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलेलं चामडं कडक होतं आणि भोकापाशी तडकतं.

लोखंडावर मुलामा दिलेली बकलं आणि डी खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतात. बाहेरचा गंज दिसतो, पण बकलाची जीभ जिथे दांडीवर फिरते तिथला दिसत नाही आणि तुटते तिथेच. पितळेची किंवा स्टेनलेसची घ्या.

पावसाळ्यात खोगीर बंद पेटीत किंवा प्लास्टिकमध्ये ठेवलं की आठ दिवसांत पांढरी-हिरवी बुरशी. ते उघड्यावर, भिंतीपासून हातभर दूर, घोडीवर टाकून ठेवा. इथे घोडी म्हणजे लाकडाची, नाहीतर कुणीतरी मला शिव्या घालेल. बुरशी आली तर आधी घराबाहेर कोरड्या ब्रशनं झाडा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम करून फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा. नीट्सफूट तेल पातळ हातानं, वर्षातून दोन-तीन वेळा पुरे. बिलेटांना तर अगदीच कमी. जास्त तेल प्यायलेली बिलेट ओढली की लांबते, भोकं अंडाकृती होतात आणि तुम्ही काल ज्या भोकात तंग लावला त्याच भोकात तो आज सैल असतो.


सड्यावरचा_स्वार:

वादीच्या दोन्ही टोकांना बकल, हे पटलं. स्नॅप मी टाळायला सांगेन. वाळू गेली की खटका पुरता बसत नाही आणि वादी चालता चालता सुटते, स्वाराला कळतही नाही. स्नॅपच हवा असेल तर तो पुढच्या तंगाकडच्या टोकाला लावा, म्हणजे सुटला तरी घोड्याच्या मागच्या पायांपाशी धातू लोंबणार नाही.

उलटी_नाल यांनी सांगितलेल्या छातीपट्ट्यात एक भर. त्याची खालची पट्टी पुढच्या तंगाच्या मधल्या डीलाच लागते, जिथे जोडवादीही येते. डीत दोन्ही मावतात ना ते बघा. जुन्या तंगांना लहान डी असते, तिथे दोन बकलं एकमेकांवर चढून छातीच्या हाडावर टोचतात.

आणि किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर: मोरजी-मांद्र्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कुंपण घातलेल्या जागा आणि भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू घोड्यासाठी सोडून द्या. ओल्या वाळूवर चाला, ती घोड्याच्या पायांनाही बरी. कोरड्या भुसभुशीत वाळूत स्नायुबंधांवर ताण येतो.


पेडणे_रपेट:

वादीचं माप घेतलं, साडेआठ इंच येतंय. एकच शंका उरली. मागचा तंग घोडीच्या मानानं लांब आहे. दोन्हीकडे सर्वांत वरच्या भोकात लावूनही मूठ मावते. बिलेटला वर आणखी भोकं पाडू का?


चामडं_आणि_टाका:

नको. तुमचा तंगच मोठा आहे. १५ हातांच्या घोड्याला साधारण ३२ इंचांचा लागतो, तुमच्या सडपातळ घोडीला बहुधा २८चा लागेल. बिलेटला वर भोकं पाडत गेलात तर बकल स्कर्टच्या काठाखाली जातं आणि झाडाच्या पट्टीच्या टोकाशी बरगडीवर दाबतं. आताच्या तंगाची दोन्ही टोकं उसवून आतून दोन-दोन इंच कमी करून पुन्हा शिवता येतील, पण मधला गाळा मध्यावरच राहिला पाहिजे. म्हणून दोन्हीकडून सारखंच कापा, एकाच बाजूनं चार इंच नको. नवीन माप असं ठेवा की बकल बिलेटच्या मधल्या भोकात बसेल आणि वर-खाली किमान तीन-तीन भोकं शिल्लक राहतील. पावसाळ्यात हिरवा चारा सुरू झाला की पोट सुटतं, तेव्हा खालची लागतात.

भोक पाडायचं झालंच तर खिळ्यानं नाही, गोल पंचनं. खिळ्यानं चामडं फाटतं, कापलं जात नाही, आणि ती फट पुढे पट्ट्याच्या लांबीत चालत जाते.